आर्च लिनक्सवर एयूआरमधून (वापरकर्त्यांनीच चढवलेल्या पॅकेजेसचा साठा) टाकलेलं एखादं पॅकेज मालवेअरने बाधित आहे का, हे कसं तपासायचं?

टर्मिनलमध्ये 'पॅकमन -क्यूएम' चालवा (क्यू कॅपिटल, एम स्मॉल; पॅकमन म्हणजे आर्चचा पॅकेज टाकायचा-काढायचा प्रोग्राम), आर्चच्या अधिकृत रेपोत, म्हणजे पॅकेज साठ्यात, नसलेली सगळी पॅकेजेस समोर येतील आणि तीच नावं बाधित पॅकेजेसच्या यादीशी ताडून बघायची. एयूआरवर कोणीही खातं काढून पॅकेज टाकू शकतं, आधी कोणी तपासत नाही, म्हणून धोका तिथेच जास्त. जुलै 2025 मध्ये हेच झालं, फायरफॉक्स-पॅच-बिन, लिब्रेवुल्फ-फिक्स-बिन आणि झेन-ब्राउझर-पॅच्ड-बिन ही तीन पॅकेजेस इन्स्टॉल होताना गिटहबवरून केऑस रॅट नावाचा रिमोट कंट्रोलवाला मालवेअर ओढत होती, दोनेक दिवसांत काढून टाकली पण तोवर ज्यांनी टाकली त्यांनी टाकलीच. नावंच बघा ना, 'फिक्स', 'पॅच्ड', माणूस भुलणारच.

ताडून काही जुळलं नाही तरी लगेच निर्धास्त होऊ नका, कारण पॅकेज तुम्ही नंतर काढलं असेल तर ते 'पॅकमन -क्यूएम'मध्ये दिसत नाही, त्यासाठी व्हार फोल्डरातल्या लॉगमध्ये पॅकमनची लॉग फाइल असते, तिच्यात बाधित पॅकेजेसची नावं शोधा. 'पॅकमन -क्यूकेके'वर विसंबू नका, ते फक्त फाइल पॅकेजप्रमाणे आहे का एवढंच बघतं, आणि इथे पॅकेजच खोटं असतं.

सापडलंच तर नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही, नेट तोडा, दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड आणि एसएसएच कीज (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायच्या किल्ल्या) बदला, आणि सिस्टीम नव्याने टाका.