नर्सरीच्या मुलाखतीची तयारी करून घेऊ नका

ताई, तुमची बदली परभणीहून संभाजीनगरला झालीय, मुलगी तीन वर्षांची आहे आणि एका नावाजलेल्या शाळेच्या मुलाखतीसाठी तिची तयारी कशी करून घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. दोन लेकरांचे प्रवेश निस्तरलेत म्हणून सांगतो, काहीच करून घेऊ नका.

माझ्या थोरल्याला मुलाखतीत अननसाचं चित्र दाखवलं. तो म्हणाला, "सीताफळ." आम्ही बीडकडचे. अननस त्याने कधी बघितलाच नव्हता. खवल्याखवल्यांचं फळ म्हणजे सीताफळच. मॅडमनी कागदावर फुली मारली, यादीत नाव लागलं नाही. मग महिनाभर आम्ही पोराला चित्रांची कार्डं दाखवून दाखवून रडवलं. शाळेपेक्षा स्वतःचाच राग जास्त येतो.

खरं तर शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी लेकराची किंवा आईबापाची चाळणी करायला मनाई आहे. पहिल्यांदा मोडलं तर २५ हजारांपर्यंत दंड, पुढे दरवेळी ५० हजारांपर्यंत. पण कायदा ६ ते १४ वयासाठीचा, त्यामुळे नर्सरीला शाळा 'फक्त गप्पा' म्हणून बोलावतात. जा, पण लेकराला पाठांतर करायला लावू नका. डोनेशनची गोष्ट निघाली आणि पावती मिळणार नसेल, तर तिथूनच परत फिरा. देणगी उकळण्याविरुद्ध राज्यात १९८७ पासून कायदा आहे.

आता शाळा कशी बघायची. ऑफिसमधल्या ट्रॉफ्या बघू नका. एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी शाळा सुटायच्या वेळी गेटबाहेर उभ्या राहा. एका रिक्षात किती लेकरं कोंबतात, सावली कुठे आहे, पाण्याच्या बाटल्या भरलेल्या परत येतात की रिकाम्या, हे सगळं दहा मिनिटांत दिसतं. जमलं तर छोट्यांचं स्वच्छतागृह दाखवा म्हणा. मी म्हटलं तर एका ठिकाणी "किल्ली शिपायाकडे आहे, तो जेवायला गेलाय," असं उत्तर मिळालं. मी नमस्कार केला आणि निघालो.

'सीबीएसई पॅटर्न' या पाटीला भुलू नका. लातूरपासून आपल्याकडे पॅटर्न शब्दाचं फार कौतुक! संलग्नता क्रमांक मागा आणि मंडळाच्या साइटवर शाळेचं नाव स्वतः शोधा. नाहीतर आठवीत कळतं की दहावीची परीक्षा दुसऱ्याच मंडळाची आहे.

फीचा आकडा विचारताना पुस्तकं, गणवेश, बस धरून वर्षाचा मागा, आणि लेखी मागा. वंचित किंवा दुर्बल गटात बसत असाल तर शिक्षण हक्क कायद्याने राखलेल्या २५ टक्के जागांची ऑनलाइन सोडत वेगळी असते. दुर्बल गटासाठी वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं, दाखला तहसीलचा.

आणि आधी घर ठरवा, मग शाळा. घर सिडकोत आणि शाळा बीड बायपासला, असं केलं तर तीन वर्षांचं लेकरू बसमध्येच झोपून घरी येतं. आमचा थोरला शेवटी गल्लीच्या टोकाच्या शाळेत गेला, पायी सात मिनिटं.

एक काम मात्र याच आठवड्यात करा. जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. आमच्या धाकटीच्या नावात एक 'ए' जास्त होता, त्यासाठी तीन चकरा झाल्या.