ग्रीक महाकाव्यांत खरा वीर कोण: अकिलीस की ओडिसियस?

मान दुखावला म्हणून युद्ध सोडून बसणारा अकिलीस आणि स्वतःच्याच घरात भिकाऱ्याच्या वेषात अपमान गिळणारा ओडिसियस, यांपैकी ग्रीकांच्या लेखी खरा वीर कोण, असे आपण विचारले आहे. दोघेही. ग्रीकांनी ट्रॉय नगरीशी केलेल्या युद्धाच्या ‘इलियड’ या महाकाव्यात मान चारचौघांसमोर मिळालेल्या वाट्यावर ठरतो, म्हणून ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन अकिलीसच्या वाट्याला आलेल्या ब्रिसेइस या बंदिवान स्त्रीला नेतो तेव्हा अकिलीसची साऱ्या सैन्यासमोरची पत जाते. युद्धानंतर ओडिसियसच्या परतीची कथा सांगणाऱ्या ‘ओडिसी’मध्ये घरी पोहोचणे आणि ते घर परत मिळवणे हाच पराक्रम असल्याने नाव लपवणे आणि वाट पाहणे हेही शौर्यात मोडते.

पण आपल्या प्रश्नात तिसरे नाव हवे होते, ते ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याचे. एम.ए.च्या तोंडी परीक्षेत मी हेच म्हणालो, तेव्हा परीक्षकांनी माझे वाक्य मध्येच तोडले आणि विचारले, “जो ट्रॉयच्या तटाभोवती तीन फेऱ्या पळतो, तो वीर कसला?” मी गप्प बसलो. गुण गेल्याचे फारसे वाटले नाही, परंतु हेक्टरची बाजू मला मांडता आली नाही, हे आजही सलते.

‘इलियड’च्या सहाव्या सर्गात हेक्टरची बायको अँड्रोमाकी त्याला तटावरच थांबण्याची विनवणी करते, तेव्हा तो म्हणतो की, तसे केले तर ट्रॉयच्या पुरुषांना आणि पायघोळ वस्त्रांतल्या स्त्रियांना तोंड दाखवायची मला लाज वाटेल. त्याच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा पाहून तान्हा मुलगा घाबरून दाईला बिलगतो. हेक्टर हसतो, शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मगच मुलाला उचलून घेतो. बाविसाव्या सर्गात आईवडील तटावरून आक्रोश करीत असतानाही तो वेशीबाहेर उभा राहतो, कारण सैन्य नगरात मागे घेण्याचा आपला सहकारी पोलिडामस याचा सल्ला धुडकावून त्याने सैन्य मैदानात ठेवले आणि माणसे मेली, हा बोल त्याला सोसवणार नाही. अकिलीस जवळ येताच त्याचा धीर सुटतो आणि तो पळतो, हे खरेच आहे. पुढे ग्रीकांच्या बाजूची देवी अथेना त्याच्या भावाचे रूप घेऊन त्याला थांबवते. भाला मागायला तो वळतो तर शेजारी कोणीच नसते, आणि आपले मरण आले हे कळूनही तो तलवार उपसून चालून जातो. ज्याला भीती ठाऊकच नाही अशा माणसापेक्षा मी या माणसाला मोठा वीर मानतो.

माझा कल उघड आहे, आणि अकिलीसला केवळ हट्टी ठरवणेही अन्यायाचे होईल. हेक्टरला मारल्यावर त्याचे शव त्याच्या वडिलांना, राजा प्रायमला, परत देणारा तोच आहे, आणि मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या गरिबाच्या घरी मजुरी केलेली बरी, असे ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात मरणानंतर म्हणणाराही तोच आहे.

आपण वाचणार असाल तर ‘इलियड’चा सहावा आणि बाविसावा सर्ग लागोपाठ वाचावेत. पाठलागाच्या वर्णनात एक गरम आणि एक थंड पाण्याचा झरा येतो आणि त्यांच्याजवळचे दगडी हौद येतात. परीक्षकांनी फेऱ्या मोजल्या. कवी मात्र त्या धावपळीतही या हौदांपाशी थांबतो आणि सांगतो की, ग्रीक येण्यापूर्वी, शांततेच्या दिवसांत, ट्रॉयच्या बायका आणि मुली येथे धुणे धुवायला येत असत. याच बायकांसमोर हेक्टरला लाज वाटणार होती.