जीवन-मृत्यूच्या सीमेवरचे मानसशास्त्रीय भयपट कोणते पाहावेत? आणि भुताच्या सिनेमांपेक्षा ते जास्त का घाबरवतात?

कुणीही पहिलं नाव ‘फ्लॅटलायनर्स’चंच घेईल, म्हणून तो आधी निकालात काढतो. १९९० सालचा, जोएल शूमाकरचा. डॉक्टरकी शिकणारी पोरं आळीपाळीनं एकमेकांचं हृदय थांबवतात, पलीकडे काय आहे ते बघून येतात आणि शॉक खाऊन परत जिवंत होतात. कल्पना झकास आहे. पण मी इंदुरात दवाखान्यांची मशिनं दुरुस्त करतो, मॉनिटर आणि डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं मशीन) हेच माझं पोट, त्यामुळे मला तो सिनेमा गप्प बसून बघवत नाही. मॉनिटरवरच्या सरळ रेषेला, म्हणजे पूर्ण थांबलेल्या हृदयाला, शॉक देत नाहीत हो! हृदय वेडंवाकडं फडफडत असतं तेव्हा शॉक देतात, ती फडफड थांबावी आणि त्यानं परत ठेका धरावा म्हणून. रेषा सरळ झाली की छाती दाबायची आणि अ‍ॅड्रेनलिन द्यायचं. आणि वॉर्डात रेषा अचानक सरळ दिसली, तर बऱ्याचदा छातीवरची चिकटपट्टी सुटलेली असते. आत पेशंट आरामात पडलेला आणि बाहेर नातेवाइकांनी देव पाण्यात घातलेले. २०१७ ला त्याचा पुन्हा एक सिनेमा काढला, त्याच्या वाटेला जाऊच नका.

आता कामाचं. या जातीच्या सिनेमांची पंचाईत अशी की ‘सीमेवरचा’ म्हटलं की अर्धा शेवट तिथंच फुटतो. तरी ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ (१९६२) बघाच. हर्क हार्वी हा कॅन्ससमधला माणूस, शाळा-कारखान्यांसाठी माहितीपट काढायचा. पूर्ण लांबीचा सिनेमा आयुष्यात हा एकच केला आणि त्यातला पांढऱ्याफटक चेहऱ्याचा माणूसही स्वतःच झाला. पुलावरून गाडी नदीत पडते, एक मुलगी चिखलातून वर येते आणि दुसऱ्या गावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या नोकरीवर निघून जाते. एका प्रसंगात ती कपड्यांच्या दुकानात असते आणि एकाएकी सगळा आवाज जातो. दुकानातली बाई तिच्याकडे बघत नाही, कुणी हाकेला ओ देत नाही. ती बाहेर येते, झाडाला हात लावते आणि पाखरांचा आवाज परत येतो. रक्ताचा थेंब नाही, पण मला त्या रात्री पंखा बंद करायला उठवलं नाही.

‘जेकब्स लॅडर’ (१९९०) हा या सगळ्यांचा बाप. व्हिएतनामहून परतलेला सैनिक न्यूयॉर्कमध्ये टपालाचं काम करतो आणि त्याला माणसांची डोकी थरथरताना दिसतात. ती थरथर कंप्युटरची नाही. कॅमेरा सेकंदाला चारच चौकटींवर चालवला, नटाला डोकं हलवायला लावलं आणि फिल्म नेहमीच्या चोवीसच्या वेगानं दाखवली, बस्स. लेखक ब्रूस जोएल रूबिन. त्याच वर्षी ‘घोस्ट’ही त्यानंच लिहिला आणि ऑस्कर मिळालं ते ‘घोस्ट’साठीच. जगाला रडवणारा मेलेला प्रियकर आवडतो, दुसरं काय.

‘द अदर्स’ (२००१) तुम्ही पाहिला असेलच, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही.

‘आफ्टर.लाइफ’ (२००९) बद्दल मात्र बोलायचंय, कारण तो आमच्या घरात पुरावा म्हणून वापरला जातो. अपघातानंतर एक शिक्षिका अंत्यविधीवाल्याच्या टेबलावर जागी होते. तो म्हणतो तू मेलीस, ती म्हणते मी जिवंत आहे. त्यात आरशावर श्वासाची वाफ धरते असा एक प्रसंग आहे. तो बघितल्यापासून आमच्या दादाला (माझा आत्तेभाऊ, वयानं मोठा) कंठ फुटलाय.

त्यामागची गोष्ट सांगतो. मी तेव्हा पॉलिटेक्निकला होतो. रामबागेतल्या घरी आजी आषाढातल्या एका दुपारी गेली. काका मुंबईला. त्यांना संध्याकाळची अवंतिका एक्स्प्रेस मिळाली म्हणजे सकाळी पोचणार, तोवर पंचकुइयाच्या स्मशानात नेता येत नव्हतं. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणल्या, भुसा धुऊन बैठकीच्या खोलीत मांडल्या, वर प्लास्टिक, वर चटई आणि चटईवर आजी. काकूनं संध्याकाळीच नाकात कापसाचे बोळे घातले, तोंडात तुळशीपत्र ठेवलं आणि हनुवटीखालून पट्टी बांधली. हे नीट लक्षात ठेवा. लादीखाली घमेलं होतं, त्यात रात्रभर पाणी ठिबकत होतं. आत बायका, बाहेर पुरुष, आणि आजीपाशी दादा आणि मी.

दादाला आधीपासूनच चैन नव्हतं. त्यानं काकांचा दाढीचा गोल आरसा आणला, आजीच्या तोंडाशी धरला, काही दिसलं नाही आणि आरसा तिथंच लादीला टेकवून ठेवला. मध्यरात्र उलटली आणि आजीचा हात चादरीखालून सरकून खाली आला. दादा ओरडला. मग त्यानं तोच आरसा उचलून परत धरला, तर आरसा धुरकट! आत्या धावत आली, ‘आई आहे, आई आहे’ करत तिनं आजीचे पाय चोळायला सुरुवात केली. गल्लीतल्या डॉक्टरांना उठवलं. ते बिचारे छत्री घेऊन आले, बॅटरीनं डोळे पाहिले, बराच वेळ छातीवर नळी लावली, आत्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. आत्या आजही म्हणते की त्यांनी घाई केली.

आता बघा. लादी सगळीकडून सारखी विरघळत नाही. दाराकडची बाजू आधी खचली, चटई कलली, हात सरकला. आणि आषाढातल्या दमट हवेत बर्फाला टेकवलेला आरसा धुरकटणार नाही तर काय होणार? मग नाकात बोळे, तोंड बांधलेलं, तर आजीनं श्वास घेतला कुठून? मी हे विचारलं की दादा म्हणतो, ‘भिया, एक बोळा निघाला होता.’ हा बोळा पहिल्या काही वर्षांत नव्हता. एका मुंजीत प्रथम निघाला आणि तेव्हापासून निघालेलाच आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं यातच आहे. भुताच्या सिनेमात माणूस मेलाय एवढं तरी ठरलेलं असतं. पांढरी साडी, उलटे पाय, काय ते बघून घ्या आणि घरी जा. इथं तेवढंही ठरलेलं नसतं, आणि ठरवायचं तुमच्यावर येतं. दादासारखा आरसा हातात धरून बसायचं. म्हणून जो सिनेमा शेवटी सगळा हिशोब मांडून दाखवतो तो मला कमी घाबरवतो.

आणि खरी सीमा सिनेमावाल्यांनी अजून नीट पाहिलेलीच नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं आपल्याकडे मेंदूस्तंभाचा (मेंदूच्या बुडाशी असलेल्या, श्वास चालवणाऱ्या भागाचा) मृत्यू हा मृत्यू मानला. डॉक्टरांचं पथक किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासण्या करतं. त्यानंतरही व्हेंटिलेटरवर छाती हलत असते, मॉनिटरवर ठोके असतात, हात गरम असतो. इंदुरात ग्रीन कॉरिडॉर होतो, म्हणजे दान केलेले अवयव न्यायला रस्ता मोकळा करतात, तेव्हा रस्त्यावर लोक हात जोडून उभे असतात, पण त्याच्या आधी आयसीयूच्या दाराशी घरचे कसे उभे असतात ते मी पाहिलंय. मशीन बघायला आलेल्या मला गाठून विचारतात, ‘भैया, ये तो चल रहा है ना?’ मी म्हणतो, डॉक्टरांना विचारा. दुसरं काय म्हणणार? हे पडद्यावर जसंच्या तसं दाखवलं तर थिएटरात कुणी पॉपकॉर्न खाणार नाही.

हो, एक सांगायचं राहिलं. घरातलं कुणी दवाखान्यात असेल तर ‘जेकब्स लॅडर’ सध्या नको, त्यातला स्ट्रेचरचा प्रसंग फार वाईट आहे. ‘आफ्टर.लाइफ’ घरच्यांसोबत लावू नका, अर्ध्या सिनेमात नायिकेच्या अंगावर धड कपडे नाहीत. दादानं तो न बघताच घरच्या ग्रुपवर टाकला होता आणि आत्यानं पूर्ण बघितला. तसा तो सिनेमाही मध्येच मोडतो, आरशासाठी भाव खातो एवढंच. सुरुवात ‘कार्निव्हल’नं करा. अमेरिकेत त्याचा कॉपीराइट राहिलेला नाही, त्यामुळे नेटवर फुकट सापडतो, फक्त प्रिंट जरा बरी बघून घ्या.

दादा, तू हे वाचणारच आहेस. टिप्पणीत आजीच्या आठवणी नकोत, बोळा डाव्या नाकपुडीचा निघाला की उजव्या तेवढं सांग. गेल्या दिवाळीला डाव्या म्हणाला होतास.