संत्र्याच्या झाडाचा आणि माणसाचा जनुकीय संकेत एकच असतो का?

होय, नागपुरी संत्र्याच्या पेशीतील जनुके आपल्याहून वेगळी असली, तरी ती वाचण्याचा संकेत जवळजवळ तोच असतो. डीएनएवरील मजकुराची आधी आरएनएमध्ये प्रत तयार होते आणि पेशीत प्रथिने बनवणारा रायबोझोम हा कण ती तीन-तीन अक्षरांच्या गटांनी, म्हणजे कोडॉनांनी, वाचत प्रत्येक कोडॉनसाठी एकेक अमिनो आम्ल प्रथिनाच्या साखळीत जोडत जातो. आरएनएच्या चार अक्षरांपासून (ए, यू, जी, सी) असे ६४ कोडॉन बनतात. त्यांपैकी ६१ कोडॉन २० अमिनो आम्ले दर्शवतात, त्यामुळे ल्युसीनसारख्या आम्लाला सहा कोडॉन लाभतात, आणि उरलेले तीन साखळी संपल्याची खूण असतात. महाविद्यालयात हा विषय शिकवताना मला सर्वांत पटणारा पुरावा इन्शुलिनचा वाटतो: मानवी इन्शुलिनची सूचना असलेला डीएनए ई. कोलाय या जीवाणूत घातला, की तो जीवाणू ती सूचना अचूक वाचतो, आणि अशा रीतीने बनवलेले इन्शुलिन १९८२मध्ये मधुमेहींसाठी औषध म्हणून मान्य झाले. मात्र ‘जवळजवळ’ हा शब्द गाळू नये, कारण माणसाच्याच तंतुकणिकांमध्ये, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांमध्ये, यूजीए हा कोडॉन थांबण्याची खूण नसून ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल दर्शवतो.