"एवढं शिकून परत मातीच?"

मी समुपदेशक आहे, अ‍ॅडमिशनचे दिवस आले की पालकांचा हा फोन येतोच. पोरगं अ‍ॅग्री करतंय, आता सेंद्रिय शेती नाहीतर मृदाशास्त्रातच पुढं शिकायचं म्हणतंय, नोकरी कोण देणार? आणि गंमत म्हणजे फोन करणारे बहुतेक वेळा स्वतःच शेतकरी असतात.

वऱ्हाडातलं एक कुटुंब सांगते (ओळख पटेल असे तपशील बदललेत). मुलगी बीएस्सी अ‍ॅग्री, एमएस्सीला माती घ्यायची म्हणून हटून बसलेली. वडिलांचं म्हणणं, "मॅडम, बँकेची परीक्षा दे म्हनतो तं आयकत नाही." पहिल्या भेटींत दोघं एकमेकांशी बोलतच नव्हते, मलाच पटवत होते. ती तर मोबाईलवर घरच्या शेताचा माती परीक्षणाचा रिपोर्ट दाखवत होती, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत येणारा कार्बन) 0.5 टक्क्याच्या खाली, म्हणजे कमीच, दरवर्षी पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) जाळतात, कापसावर कापूस, वर नुसता युरिया. सगळं बरोबर होतं. पण मी रिपोर्टकडं नाही, वडिलांकडं बघत होते, ते मान खाली घालून बसलेले.

विचारलं, "दादा, हे ऐकताना काय वाटतं?"

बऱ्याच वेळानं म्हणाले, "मंग मी आजवर केलं ते सारं चुकलंच ना. त्याच कापसावर इची फी भरली."

"बाबा, मी तुम्हाला नाही म्हणत."

"मंग कोनाले? वावर तं माहंच हाये."

मुलगी गप्पच झाली. नोकरीचा प्रश्न तिथंच दुय्यम झाला. माझा अनुभव असा की घरातलं करिअरचं भांडण करिअरचं फार कमी वेळा असतं, कुणाला तरी आपलं आयुष्य नापास झाल्यासारखं वाटत असतं आणि ते बोलता येत नाही म्हणून पॅकेजवर वाद होतो. हे मला रिपोर्टआधी दिसलं, याचं थोडं समाधान आहे.

मग तिला एकच काम दिलं, गावी जाऊन शिकवायचं नाही, विचारायचं. पाणी कुठं साचतं, कुठलं पीक आधी सुकतं. तिनं वडिलांच्याच हातानं दोन वाळलेली ढेकळं पाण्याच्या ग्लासात टाकून घेतली, एक वावराच्या मधलं, एक कधीच न नांगरलेल्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं. मधलं लगेच विरघळून गाळ झालं, धुऱ्यावरचं टिकलं, कारण मुळं आणि बुरशी माती बांधून ठेवतात. पुढच्या भेटीत हे सगळं मला वडिलांनीच सांगितलं, तिला मधे बोलूही दिलं नाही!

मुलांनो, अख्खं शेत एकदम मागू नका. श्रीलंकेनं 2021 मध्ये रासायनिक खतं एकदम बंद केली आणि त्याच वर्षी निर्णय फिरवावा लागला. सेंद्रिय प्रमाणपत्राला हंगामी पिकांसाठी साधारण 2 वर्षं, फळबागेला 3 वर्षं रूपांतराचा काळ लागतो, तोवर सेंद्रियचा भाव मिळत नाही आणि उत्पन्न घटू शकतं, तेव्हा वडील घाबरतात ते अडाणी म्हणून नाही, हिशोब कळतो म्हणून. आणि पालकांनो, डिग्री तीच अ‍ॅग्रीची आहे, बँकेतली कृषी अधिकारीची परीक्षा, एमपीएससीची कृषी सेवा बंद होत नाही, उलट माती परीक्षण लॅब, प्रमाणीकरण संस्थेत निरीक्षक अशा जागांचा विचार करता येतो.

या मुलीला दोन एकर मिळालेत, अट एवढीच की खर्च बाबांच्या डायरीत लिहायचा. बँकेचा फॉर्मही तिनं भरलाय, बाबांना बरं वाटावं म्हणून, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.