भूतकाळ न विसरणारी समीकरणं: वाचकांचे प्रश्न

सर, समीकरणाला 'स्मृती' असते म्हणजे नेमकं काय? – एमएस्सीची विद्यार्थिनी, सांगली

विषय फ्रॅक्शनल समीकरणांचा आहे, म्हणजे ज्यांत डेरिव्हेटिव्हची कोटी (order) 1, 2 अशी पूर्ण नसून अपूर्णांकी असते. अर्ध्या कोटीच्या डेरिव्हेटिव्हसाठी ग्रुनवाल्ड-लेटनिकोव्हचं सूत्र, म्हणजे आत्ताच्या आणि मागच्या किमतींची वजनं लावून केलेली बेरीज, उलगडून बघा. आत्ताच्या किमतीला वजन 1, एक पायरी मागच्या किमतीला −1/2, त्यामागच्यांना −1/8, −1/16, −5/128... नेहमीच्या पहिल्या डेरिव्हेटिव्हमध्ये 1 आणि −1 झाले की पुढची सगळी वजनं शून्य. इथे ती घटत जातात, पण संपत नाहीत. स्मृती म्हणतात ती हीच. (अर्ध्या डेरिव्हेटिव्हची चर्चा लायब्निट्सने लोपितालला 1695 मध्येच पत्रातून केली होती, विषय नवा नाही.)

आयगेन व्हॅल्यू (प्रणालीचा स्वभाव ठरवणाऱ्या संख्या) 1 ± 2i, वास्तव भाग धन. तरी आलेख शून्याकडे कसा जातो? – संशोधक विद्यार्थी, पुणे

नेहमीच्या समीकरणात वास्तव भाग धन असला की आलेख उधळतो; तुमची कोटी 0.6 आहे, म्हणून तसं होत नाही. मातिन्योंच्या 1996 च्या स्थिरतेच्या निकषात वास्तव भागाचं चिन्ह बघत नाहीत, कोन बघतात. आयगेन व्हॅल्यूचा धन वास्तव अक्षाशी होणारा कोन कोटी × 90° पेक्षा मोठा असला की रेषीय प्रणाली स्थिर. तुमचा कोन सुमारे 63.4°, मर्यादा 54°. कोटी 0.8 करा, मर्यादा 72° होईल आणि तोच आलेख उधळेल. मात्र शून्याकडे जाणं घातांकी नसतं, कूर्मगतीचं असतं. थोडा वेळ प्रोग्रॅम चालवून निष्कर्ष काढू नका.

दोनच समीकरणं, तरी वक्र स्वतःला छेदतो आणि नंतर बंद वळसा दिसतो. प्रोग्रॅम चुकला का? – प्राध्यापक, नाशिक

छेदण्यात चूक नाही. साध्या स्वायत्त समीकरणात (ज्यात वेळ थेट येत नाही) एका बिंदूतून एकच वाट निघते. इथे त्याच बिंदूवर दोनदा आलात तरी मागचा इतिहास वेगळा, म्हणून पुढची वाटही वेगळी. त्यामुळे प्रतलात केऑस (सुरुवातीच्या बारीकशा फरकाने पार बदलणारी, अनियमित हालचाल) नाही असं सांगणारा प्वांकारे-बेंडिक्सन सिद्धांत इथे जसाच्या तसा लावता येत नाही. चुआ सर्किट या केऑससाठी प्रसिद्ध इलेक्ट्रॉनिक परिपथाच्या फ्रॅक्शनल रूपात एकूण कोटी (सगळ्या समीकरणांच्या कोटींची बेरीज) 3 पेक्षा कमी, 2.7 असतानाही केऑस मिळाल्याचं 1995 मध्येच प्रसिद्ध झालं.

बंद वळशाबद्दल मात्र मला शंका आहे. ठरावीक क्षणापासून स्मृती धरणाऱ्या अशा प्रणालीला अचूक आवर्ती उत्तर नसतं, हे तवाझोई आणि हाएरी या संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं. वक्र वळशाच्या जवळ जात राहू शकतो, एवढंच. तरी शोधनिबंधांत 'लिमिट सायकल' (जवळचे वक्र ज्याकडे ओढले जातात असा बंद वळसा) हा शब्द सर्रास वापरतात; मला ते खटकतं.

तुम्ही वेळ वाचवायला जुनी स्मृती कापली आहे का? दर पायरीला मागच्या सगळ्या किमती बेरजेत येतात, म्हणून 10,000 पायऱ्यांना सुमारे 5,00,00,000 बेरजा लागतात, त्यामुळे मोह होतोच. पण ठरावीक लांबीची स्मृती ठेवली की समीकरणच बदलतं, आणि त्याला खरोखर आवर्ती उत्तर असू शकतं. स्मृतीची लांबी दुप्पट करून बघा. वळसा हलला, तर तो कापाकापीतून आलेला आहे. वेगच हवा असेल तर बेरजा एफएफटीने (फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म, अशा बेरजा झटपट करण्याची पद्धत) करा, स्मृतीला हात लावू नका.