वळणावर अडणारी गाडी, लुकलुकणारा दिवा आणि ट्रान्सफर केस

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांबद्दलची आहेत, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त पत्रांत एकच वाक्य आहे : "ट्रान्सफर केस गेलीय, बदलावी लागेल असं सांगितलंय." २८ वर्षं मी याच कामात आहे. बदलायला म्हणून आणलेल्या कितीतरी केस मी उघडल्या, आत सगळं ठणठणीत पाहिलं आणि परत बंद केल्या. दोष बाहेर होता. टायरमध्ये, एखाद्या रबरी नळीत, कनेक्टरच्या एका हिरव्या पडलेल्या पिनेत. म्हणून आज सगळी उत्तरं या एकाच डब्याविषयी.

डबा म्हणजे काय, तेवढं आधी सांगतो. गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाला ट्रान्सफर केस बसवलेली असते. गिअरबॉक्समधून येणारं फिरणं एका शाफ्टनं मागच्या ॲक्सलला आणि दुसऱ्या शाफ्टनं पुढच्या ॲक्सलला द्यायचं, हे तिचं काम. पुढचा शाफ्ट बाजूला असतो, त्यामुळे तिथपर्यंत फिरणं नेण्यासाठी जुन्या केसमध्ये गिअर असायचे, आताच्या बहुतेकांत रुंद चेन असते.

प्रश्न : माझी गाडी लिव्हरवाली, पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह आहे. चिखलातून बाहेर आल्यावर डांबरी रस्त्यावर तशीच चालवली. वळण घेताना कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी अडायला लागली. आता लिव्हर फोर-हायमधून निघतच नाही. केस बदलू का?

बदलू नका. तुमची केस जसं वागायला हवं तसंच वागतेय.

पार्ट-टाइम, म्हणजे हवं तेव्हाच आपण जोडायच्या केसमध्ये फोर-हाय (चारही चाकांना जोर, वेग नेहमीचा) टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी घट्ट बांधले जातात. दोघांनी सारख्याच फेऱ्या घ्यायच्या. सरळ रस्त्यावर ते चालतं. पण वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात आणि मागची आतल्या लहान वर्तुळावरून. हिशेब करून बघा. पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर २.६ मीटर, मागचा ॲक्सल ५ मीटर त्रिज्येनं वळतोय. पाव वर्तुळ वळेपर्यंत मागचा ॲक्सल ७.८५ मीटर जातो आणि पुढचा ८.८५ मीटर. एका चौकातल्या वळणात सरळ १ मीटरचा फरक पडला! चाकाचा घेर २.२ मीटर आणि ॲक्सलचा रेशो ४ (शाफ्टच्या चार फेऱ्यांना चाकाची एक) धरला, तर दोन शाफ्टांच्या फिरण्यात सुमारे १.८ फेऱ्यांचा फरक पडायला हवा, आणि तुम्ही तर त्यांना बांधून ठेवलंय.

चिखलात, वाळूत, बर्फात चाक थोडं घसरतं आणि हा फरक तिथेच फिटतो. कोरड्या डांबरावर टायर सोडत नाही, मग शाफ्ट, ॲक्सल, चेन, सगळं पिळवटत जातं. गाडी अडते ती या पिळामुळे, आणि लिव्हर निघत नाही तीही त्यामुळेच, कारण दोन शाफ्ट बांधणाऱ्या आतल्या सरकत्या कडीच्या, म्हणजे स्लीव्हच्या दात्यांवर तो सगळा ताण दाबून बसलेला असतो. लिव्हरवर दोन्ही हातांनी जोर लावू नका, ती स्लीव्ह सरकवणारा आतला फोर्क वाकेल. ज्या वळणानं आलात त्याच वळणानं काही मीटर गाडी हळू मागे घ्या आणि मागे जाता जाताच लिव्हर हलक्या हातानं ओढून बघा. पीळ सुटला की लिव्हर लोण्यातून सुरी काढावी तसा निघतो.

एवढं करूनही निघाला नाही, तर लिव्हरपासून केसपर्यंतची जोडणी बघा. तिथले प्लॅस्टिकचे बुश झिजले की लिव्हर पूर्ण सरकतो, पण केसवरचा दांडा अर्ध्यावरच राहतो.

प्रश्न : माझ्या गाडीत लिव्हर नाही, गरजेप्रमाणे आपोआप फोर-व्हील होते. मागे दोन नवे टायर टाकले, पुढचे जुनेच ठेवले. आता हळू वळताना गाडी थरथरते आणि खालून कर्र आवाज येतो.

टायरचं तुम्ही स्वतःहून लिहिलंत, हे फार बरं केलंत. बहुतेक जण ते सांगत नाहीत, आणि विचारायचं कुणाला सुचत नाही. मलाही एकदा सुचलं नव्हतं. तेव्हा मी अशीच थरथरणारी गाडी जॅकवर घेतली, केस उतरवली, क्लच प्लेटा एकेक करून मोजल्या. सगळ्या मापात. गाडी जोडून खाली उतरवताना पुढच्या आणि मागच्या टायरवर नजर गेली : पुढचे गुळगुळीत व्हायला आलेले, मागच्यांवर अजून नव्या रबराचे बारीक तंतू. त्या दिवसापासून जॅकला हात लावायच्या आधी मी गेजनं चारही टायरच्या खाचा मोजतो.

तुमच्या केसमध्ये शाफ्ट कायमचे बांधलेले नसतात. मध्ये प्लेटांचा क्लच असतो. संगणकाला पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगात फरक दिसला की तो क्लच दाबतो. आता टायरच्या खाचांत ३ मिलिमीटरचा फरक असेल, तर घेरात जवळजवळ १९ मिलिमीटरचा फरक पडतो. २.२ मीटर घेराचं चाक एका किलोमीटरला साधारण ४५५ फेऱ्या घेतं. म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ८.६ मीटरचा फरक, आणि तोही अगदी सरळ रस्त्यावर. हा फरक क्लचनं घासत घासत पचवायचा. तेल तापतं, काळं पडतं, प्लेटा चिकटून सुटायला लागतात. तो कर्र आवाज त्यांचा आहे.

आधी चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि जवळपास सारखे झिजलेले करा. किती फरक चालेल ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. चारहींत हवा सारखी भरा. मग केसचं तेल बदला आणि गाडी थोडी चालवून बघा. थरथर वेळेवर लक्षात आली असेल, तर पुष्कळदा एवढ्यानंच थांबते. तरीही राहिली, तर पुस्तिकेत मुभा असेल तेव्हाच क्लचच्या कॉइलचा कनेक्टर काढून त्याच वळणावर गाडी घुमवा. अडणं गेलं तर संगणक क्लचला नको तेव्हा दाबतोय. तसंच राहिलं तर प्लेटा आतून चिकटल्यात किंवा दोष केसमध्ये नसून डिफरन्शियलमध्ये (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या ॲक्सलमधल्या गिअरांत) आहे.

प्रश्न : बटण फोर-हायवर फिरवतो. दिवा लुकलुकत राहतो, स्थिर होत नाही.

लुकलुकणारा दिवा म्हणजे "मी हुकूम दिलाय, काम झाल्याचा निरोप अजून आला नाही." निरोप कुठे अडलाय तेवढं शोधायचं.

इंजिन बंद, किल्ली ऑन. एकाला बटण फिरवायला सांगा आणि तुम्ही गाडीशेजारी वाकून ऐका. केसवरच्या छोट्या मोटरचा घर्र आवाज आला पाहिजे. मुळीच आला नाही तर फ्यूज, रिले, बॅटरीचा दाब आणि कनेक्टर बघा. ही मोटर गाडीच्या पोटाखाली पाण्या-चिखलात असते. कनेक्टर उघडलात की पिनांवरची हिरवट बुरशी लगेच दिसेल.

मोटर फिरते पण दिवा लुकलुकतोच, तर मोटरच्या आत जागा सांगणारा सेन्सर असतो, त्याच्यावर संशय घ्या. इथे एक चाचणी मला फार आवडते, कारण ती वादच मिटवते. मोटर कशी बसलीय त्याची खूण करून ती काढा. आतून एक छोटा दांडा बाहेर आलेला दिसेल. तो पान्यानं फिरवा आणि दुसऱ्या हातानं पुढच्या ॲक्सलला जाणारा प्रोपेलर शाफ्ट थोडा मागेपुढे हलवत राहा, म्हणजे दाते दात्यांत बसतील. हातानं सगळ्या जागा नीट पडत असतील, तर केसचं आतलं काम व्यवस्थित आहे आणि दोष मोटर किंवा वायरिंगमध्ये आहे. पान्यालाही दांडा अडला, तरच केस उघडायचा विचार करा.

आणखी एक शक्यता आहे. केसनं आपलं काम चोख केलेलं असतं, पण पुढचा ॲक्सलच जोडला जात नाही. मागची चाकं जमिनीवर, चाकांमागे-पुढे ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, पुढची दोन्ही चाकं स्टँडवर उचललेली. फोर-हाय टाका, इंजिन बंद करा आणि पुढचा शाफ्ट हातानं फिरवून बघा. थोडी ढिलाई सोडून तो हलला नाही, तर केस जोडली गेलीय. मग पुढचं एक चाक फिरवा. दुसरं चाक उलट दिशेनं फिरलं पाहिजे. ते जागचं हललं नाही, तर हब किंवा ॲक्सल जोडणारी यंत्रणा काम करत नाहीय. अनेक गाड्यांत ही यंत्रणा इंजिनाच्या व्हॅक्युमवर चालते, आणि एक बोटभर रबरी नळी तडकली की सगळं अडतं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

प्रश्न : फोर-लो टाकल्यावर इंजिनाची ताकद वाढते का?

इंजिनाची नाही, चाकावरचा जोर वाढतो. फोर-लो म्हणजे फोर-व्हीलचाच हळू गिअर. केसमध्ये मध्यभागी एक सन गिअर, त्याभोवती फिरणारे लहान गिअर आणि सगळ्यांना वेढणारी दात्यांची कडी असते. कडी धरून ठेवली आणि सन गिअरनं लहान गिअर फिरवले, तर बाहेर येणारा वेग कमी होतो. कडीचे दाते सन गिअरच्या दीडपट असतील, तर रेशो १ + १.५ म्हणजे २.५. वेग अडीचपट कमी, जोर अडीचपट जास्त. युद्धकाळातल्या विलीस एमबी जीपमध्ये लो १.९७ होता, तोही साध्या गिअरांनी. आजच्या जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये तो ४ आहे.

पहिला गिअर ४, लो २.५, ॲक्सल ४ : गुणाकार ४०. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर निवांत चालत असेल, तर चाक मिनिटाला २० फेऱ्या घेतं आणि गाडी ताशी २.६ किलोमीटरनं सरकते, माणसाच्या चालीपेक्षाही हळू. तीव्र उतारावर ब्रेकला पाय न लावता उतरायचं ते याच्याच जिवावर.

प्रश्न : चढावर फोर-लोमध्ये जोर दिला की खालून हातोडा मारल्यासारखा खाट्कन आवाज येतो. टू-हायमध्ये काहीच नाही.

टू-हायमध्ये काहीच नाही, ही तुमच्या पत्रातली सगळ्यांत मोलाची ओळ. टू-हायमध्ये जोर फक्त मागच्या चाकांना जातो, पुढच्या चाकांची चेन भार घेत नाही. शाफ्ट जोडायच्या युनिव्हर्सल जॉइंटचा दोष असता, तर मागच्या शाफ्टवर तो टू-हायमध्येही बोलला असता. वळताना टकटक झाली असती, तर मी पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टवरच्या सीव्ही जॉइंटकडे बोट दाखवलं असतं. पण सरळ चढावर, पूर्ण भाराखाली खाट्कन म्हणजे बहुधा चेन स्प्रॉकेटच्या, म्हणजे ती ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाच्या, दात्यावरून उडी मारतेय.

चेन लांबते म्हणजे पोलाद ताणलं जातं असं नाही. प्रत्येक जोडातली पिन झिजते. ५० जोड आणि प्रत्येकाची ०.१ मिलिमीटर झीज, की चेन ५ मिलिमीटरनं लांब. अशी केस उघडली की चेन बाहेर काढायच्या आधी मी ॲल्युमिनियमच्या भिंतीवरून बोट फिरवतो. सैल चेन आपटून तिथे चकचकीत चरे पडलेले असतात, नखाला लागतात. मग चेनवर अंगठा दाबायचा. चांगली चेन जेमतेम दबते, ही अंगठ्याखाली झुलते. स्प्रॉकेटच्या दात्यांना एका बाजूला आकड्यासारखं टोक आलेलं असेल, तर चेनबरोबर दोन्ही स्प्रॉकेट बदला. जुन्या दात्यांवर नवी चेन टिकत नाही. फोर्कच्या प्लॅस्टिक पट्ट्या आणि बेअरिंगही त्याच वेळी बघा. आणि तोवर फोर-लोमध्ये जोर देऊ नका. तुटलेली चेन केसची भिंत फोडून बाहेर येऊ शकते.

प्रश्न : तेल कोणतं?

पुस्तिकेत लिहिलेलंच. बऱ्याच चेनवाल्या केसना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल लागतं, गिअरवाल्यांना बहुधा ७५डब्ल्यू-९० सारखं जाड, क्लचवाल्यांना त्यांचं खास. बदलताना वरचा भरायचा प्लग आधी सोडवा. तो गंजून बसलेला असेल आणि तुम्ही खालचा आधीच उघडलात, तर तेल गेलं आणि भरायला वाट नाही. निघालेलं तेल पांढऱ्या फडक्यावर घ्या. चुंबकावरचा करडा, मऊ लेप साधी झीज दाखवतो. टोचणारे तुकडे असतील तर बेअरिंग किंवा दाते गेलेत. प्लॅस्टिकचे कण फोर्कच्या पट्ट्यांचे.

प्रश्न : ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल सारखं कमी होतं. खाली जमिनीवर एक थेंबही नाही. कुठे जातं?

ट्रान्सफर केसचा भरायचा प्लग उघडून बघा. सपाट जागी गाडी असताना तेल प्लगच्या काठाशी असायला हवं. प्लग सैल करताच भसाभसा बाहेर आलं, तर तुमचं तेल सापडलं. गिअरबॉक्स आणि केस यांच्यामध्ये एक ऑइल सील असतं. ते फाटलं की तेल एका घरातून दुसऱ्या घरात जातं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. केस उतरवून ते सील बदलावं लागेल. काम कष्टाचं आहे, पण केस मात्र तीच परत बसवायची. उतरवलीच आहे तर मागच्या शाफ्टचं सीलही बदलून घ्या, आणि दोन्ही डब्यांत ताजं तेल भरून २०० किलोमीटरनंतर पातळी पुन्हा एकदा बघा.